सामाईक कोठार आणि बिनडिस्कचे सर्व्हर

सकाळीं शाळा भरण्याची घंटा होते, मुलें रांगेनें वर्गांत जातात, हजेरी होते आणि मगच पहिला धडा सुरू होतो. ही सारी व्यवस्था रोजची असल्यामुळें तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु एखादे दिवशीं घंटाच वाजली नाहीं, अथवा वर्गाच्या कुलुपाची किल्ली शिपायापाशीं नसली, म्हणजे धडा उत्तम तयार असूनहि शिकवणें थांबतें. संगणकाचेंहि असेंच आहे. तो काय काय कामें करतो याविषयीं पुष्कळ बोललें जातें. परंतु तो मुळांत जागा कसा होतो, याचा विचार क्वचितच होतो. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे. आणि त्यांतहि ज्या सर्व्हरांच्या पोटांत स्वतःची डिस्कच नसते, ज्यांचें सर्वस्व दूरच्या एका सामाईक कोठारांत ठेवलेलें असतें, त्यांना जागें करण्यासाठीं मधलें नेटवर्क कसें असावें लागतें, एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे.

हा विषय यंत्रशाळेंतील चार माणसांपुरता आहे असें कोणास वाटेल. पण तसें नाहीं. बँकेंतील खातें, आगगाडीचें आरक्षण, परीक्षेचा निकाल, रुग्णालयांतील रक्ताच्या तपासणीचा अहवाल, हें सर्व आज सर्व्हरांच्या आधारानें चालतें. मध्यरात्रीं एखाद्या मोठ्या रुग्णालयाची वीज गेली, बॅटऱ्या संपल्या, जनित्र उशिरां सुरू झालें आणि यंत्रशाळेंतील शंभर सर्व्हर एकदम बंद पडले, अशी कल्पना करावी. वीज परत येते, दिवे लागतात, पंखे फिरूं लागतात. परंतु खाटेवरील रोग्याला कोणतें औषध सोसत नाहीं हें सांगणारा सर्व्हर अजून जागा झालेला नसतो. डॉक्टर पडद्यासमोर उभा आहे आणि पडदा कोरा आहे. हे सर्व्हर पांच मिनिटांत जागे होतात, कीं पांच तासांत, कीं सकाळपर्यंत होतच नाहींत, हें बहुतांशीं एका गोष्टीवर अवलंबून असतें : त्यांच्या आणि त्यांच्या कोठाराच्या मधील वाट कशी बांधली आहे.

संगणक जागा होणें म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. संगणकाची जी वेगवान स्मृति असते ती वीज जातांच पाटी पुसावी तशी कोरी होते. पुन्हां वीज आली म्हणजे एका लहानशा चिपमध्यें कायम लिहून ठेवलेल्या थोड्या सूचना तेवढ्या शिल्लक असतात. त्यांस फर्मवेअर म्हणतात. फर्मवेअरचें ज्ञान बेताचेंच. पण त्याला एवढें पक्कें ठाऊक असतें कीं मोठी कार्यप्रणाली कोठें शोधावी आणि तिचा पहिला तुकडा कसा आणावा. पहिला तुकडा त्याहून मोठा दुसरा तुकडा आणतो, दुसरा तिसरा आणतो, आणि अशा रीतीनें सगळी कार्यप्रणाली स्मृतींत येऊन बसते. या क्रियेस बूट होणें म्हणतात. कितीहि कसलेला डोंबारी स्वतःच्याच खांद्यावर चढूं शकत नाहीं. त्याला पहिला आधार दुसऱ्या कोणाचा तरी घ्यावा लागतो. फर्मवेअर हा तो पहिला आधार होय.

घरांतील संगणकांत कार्यप्रणाली त्याच पेटींतील डिस्कवर असते. वाट अवघी वीतभर. मोठ्या यंत्रशाळांत मात्र निराळी पद्धत पुष्कळ ठिकाणीं रूढ आहे. तेथें प्रत्येक सर्व्हरला स्वतःची डिस्क न देतां सर्वांचा साठा एका सामाईक कोठारांत ठेवतात आणि त्यांत प्रत्येकाला एक एक कप्पा नेमून देतात. चाळींतील प्रत्येक बिऱ्हाडानें आपली चूल वेगळी मांडावी, किंवा सर्वांनीं मिळून एक खाणावळ चालवावी, असा हा भेद आहे. खाणावळीचे फायदे उघड आहेत. एखादा सर्व्हर बिघडला तर त्याच्या जागीं दुसरा आणून त्याला तोच कप्पा दिला कीं काम पूर्ववत् सुरू होतें. डिस्क काढा, घाला, पुन्हां सर्व प्रणाली बसवा, हा खटाटोप वांचतो. सर्व कप्प्यांची प्रत एकाच ठिकाणीं काढतां येते. परंतु याची किंमतहि तितकीच उघड आहे. घरची चूल विझली तर एक घर उपाशी राहतें. खाणावळीची वाट बंद झाली तर सगळी चाळ उपाशी राहते. म्हणून सामाईक कोठाराचा विचार करतांना कोठारापेक्षांहि वाटेचा विचार अधिक करावा लागतो.

ही कल्पना आजची नव्हे. १९८० नंतरच्या दशकांत डिस्क फार महाग असल्यामुळें बिनडिस्कचीं वर्कस्टेशनें विद्यापीठांतून वापरांत आलीं. १९८१ सालीं टीएफटीपी या फाइल आणण्याच्या अगदीं साध्या प्रोटोकॉलचे नियम प्रसिद्ध झाले. १९८४ सालीं यंत्रानें स्वतःचाच पत्ता नेटवर्कला विचारण्याची आरएआरपी ही रीत निघाली. १९८५ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील बिल क्रॉफ्ट व सन मायक्रोसिस्टिम्समधील जॉन गिल्मोर यांनीं बूटपीचे नियम लिहिले. त्याचाच विस्तार होऊन १९९३ सालीं डीएचसीपी आला. नेटवर्कवरून बूट होण्यासाठीं फर्मवेअरनें काय करावें हें ठरवणाऱ्या इंटेलच्या पीएक्सईची २.१ ही आवृत्ति १९९९ सालीं निघाली. दुसऱ्या बाजूस, केवळ साठ्याच्या वाहतुकीसाठीं वेगळा रस्ता असावा या विचारानें फायबर चॅनलचें प्रमाण १९९४ सालीं मान्य झालें. आणि डिस्कची भाषा साध्या इथरनेटवरून बोलतां यावी म्हणून आयस्कझीचे नियम २००४ सालीं आले. आयस्कझीवरून बूट कसें व्हावें याचा स्वतंत्र मजकूर २००५ सालचा आहे. एनव्हीएम एक्सप्रेस या नव्या पिढीच्या साठ्यावरून बूट होण्याचे नियमहि २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. साधनें बदललीं, पण जागें होणाऱ्या यंत्राच्या नेटवर्ककडून असलेल्या अपेक्षा फारशा बदललेल्या नाहींत. त्या एकेक करून पाहूं.

पहिली अपेक्षा अशी कीं, हांक मारली तर ती ऐकणारा कोणी तरी असला पाहिजे. नुकत्याच जाग्या झालेल्या सर्व्हरला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो, कोठाराचाहि नसतो. म्हणून तो सर्वांना उद्देशून एकच हांक मारतो, "येथें मला पत्ता देणारा कोणी आहे काय ?" डीएचसीपीचा सर्व्हर ही हांक ऐकून त्याला पत्ता देतो आणि कोणत्या यंत्राकडून कोणती फाइल आणावी अथवा कोणत्या कोठाराशीं बोलावें हेंहि सांगतो. परंतु ही हांक वाड्याच्या भिंतीबाहेर जात नाहीं. राउटर ती पलीकडे नेत नाहीं. पत्ता देणारा दुसऱ्या विभागांत असेल तर मध्यें निरोप पोंचविणारा नेमावा लागतो. त्यास रिले म्हणतात. शिवाय मधल्या पहारेकऱ्यानें कांहीं दरवाजे उघडे ठेवले पाहिजेत : डीएचसीपीचे ६७ व ६८, टीएफटीपीचा ६९, आयस्कझीचा ३२६०. यांतील एक जरी बंद राहिला तरी सर्व्हर हांका मारून थकतो आणि कोरा पडदा दाखवून उभा राहतो.

दुसरी अपेक्षा स्विचच्या स्वभावाविषयीं आहे, आणि तिनें आजवर पुष्कळांना घाम फोडला आहे. दोन स्विचांमध्यें दोन तारा जोडल्या तर एक तुटली असतां दुसरी उपयोगी पडते. पण दोन्ही चालू असतील तर सर्वांना उद्देशून मारलेली हांक त्या वर्तुळांत फिरतच राहते व सगळें नेटवर्क बुडवून टाकते. यावर रेडिया पर्लमन या विदुषीनें १९८५ सालीं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्यें असतांना स्पॅनिंग ट्रीची युक्ति काढली. तिच्या मूळ नियमाप्रमाणें एखाद्या पोर्टवर तार जिवंत झाली कीं स्विच १५ सेकंद नुसतें ऐकतो, पुढील १५ सेकंद शिकतो, आणि मगच वाहतूक सोडतो. हे ३० सेकंद माणसाच्या हिशेबीं कांहींच नव्हेत. परंतु सर्व्हर जागा होतांच हांका मारूं लागतो, आणि पुष्कळ फर्मवेअर इतका वेळ धीर धरीत नाहींत. स्विचचें कान उघडे होईपर्यंत सर्व्हर निराश होऊन गप्प बसलेला असतो. मग कार्ड बदला, तार बदला, सर्व्हर बदला, असा व्यर्थ खटाटोप होतो. कारण दोष कोणाच्याच अंगीं नसतो, दोघांच्या घड्याळांत मेळ नसतो. उपाय सोपा आहे. ज्या पोर्टला फक्त सर्व्हर जोडलेला आहे, तेथें वर्तुळ होण्याचा संभव नाहीं असें स्विचला आधींच सांगून ठेवावें, म्हणजे तो तात्काळ वाहतूक सोडतो. २००१ सालच्या सुधारलेल्या नियमांतहि अशा कडेच्या पोर्टांची सोय आहे. मात्र ही सवलत दोन स्विचांमधील तारेला चुकूनहि देऊं नये.

तिसरी गोष्ट याच जातीची. कार्यप्रणाली एकदां जागी झाली म्हणजे ती बहुश्रुत असते; एकाच तारेंतून अनेक व्हीलॅनचे प्रवाह ओळखणें, दोन तारा एकत्र बांधून त्यांची एक मोठी तार करणें, या कला तिला येतात. परंतु फर्मवेअर हें बालवर्गांतील मूल आहे. त्याला यांतील बऱ्याच गोष्टी ठाऊक नसतात. स्विचनें प्रत्येक पॅकेटवर व्हीलॅनची खूण असलीच पाहिजे असा हट्ट धरला, अथवा दोन्ही तारांच्या एकत्र बांधणीची बोलणी पुरी झाल्यावांचून पोर्ट उघडणार नाहीं असें ठरविलें, तर हें मूल दाराबाहेरच राहतें. म्हणून बूट होण्याचा व्हीलॅन त्या पोर्टवर बिनखुणेचा ठेवावा आणि बांधणीची बोलणी झालेली नसली तरी एक तार चालू राहील अशी तजवीज करावी. पाहुण्याची योग्यता ओळखून प्रश्न विचारावेत, हा शिष्टाचार यंत्रांनाहि लागू आहे.

चौथी अपेक्षा ओळखीची. कोठारांत शंभर कप्पे असतील तर कोणता कप्पा कोणाचा हें निःसंशय ठरलें पाहिजे. फायबर चॅनलमध्यें प्रत्येक कार्डाला ६४ बिटांचें जागतिक नांव असतें. आयस्कझीमध्यें प्रत्येक सर्व्हरला आयक्यूएन या रीतीचें लांबलचक नांव देतात. त्या नांवावरून कोठारानें त्याचाच कप्पा त्याला दाखवावा, दुसऱ्याचा डोळ्यांसहि पडूं देऊं नये. येथें हयगय झाली तर होणारा अनर्थ मोठा विलक्षण असतो. दोन विद्यार्थ्यांना एकच वही देऊन प्रत्येकास ती तुझी एकट्याचीच आहे असें सांगावें, तसें होतें. पहिला एक पान लिहितो. दुसऱ्याला तें पान कोरेंच आहे असें वाटत असतें, म्हणून तो त्याच्यावरच लिहितो. दोघांचीहि खात्री असते कीं आपलें बरोबर आहे. थोड्याच वेळांत वही कोणालाच वाचतां येत नाहीं. सामान्य फाइल-रचना एका वेळीं एकाच मालकासाठीं असते. तेव्हां कोठार सामाईक असलें तरी बूट होण्याचा कप्पा ज्याचा त्यालाच स्वतंत्र असला पाहिजे.

पांचवी अपेक्षा वाटेच्या लांबीची, आणि येथें थोडें अंकगणित करावें लागेल. टीएफटीपीच्या मूळ नियमाप्रमाणें फाइल ५१२ बाइटांच्या घासांनीं येते. आणि एक घास पोंचल्याची पावती परत मिळाल्यावांचून दुसरा घास पाठवीत नाहींत. ३० मेगाबाइटांच्या फाइलीचे असे ६१,४४० घास होतात. एका जाण्यायेण्यास एक मिलिसेकंद लागला तर सर्व फाइल मिनिटाभरांत येते. परंतु जाण्यायेण्यास २० मिलिसेकंद लागत असतील तर तीच फाइल यावयास वीस मिनिटें लागतात, मग तार कितीहि रुंद असो. घागर लहान असली म्हणजे विहिरीचें पाणी मुबलक असून भागत नाहीं. किती खेपा कराव्या लागतात तें महत्त्वाचें. या अडचणीमुळेंच १९९५ सालीं घासाचा आकार आपसांत ठरविण्याची सोय झाली आणि २०१५ सालीं यूईएफआय फर्मवेअरच्या नियमांत एचटीटीपीनें फाइल आणण्याची रीत समाविष्ट झाली.

पण वेगाला एक मर्यादा अशी आहे कीं ती कोणत्याहि नियमानें हटत नाहीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश एका सेकंदांत सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईचे सर्व्हर पुण्याच्या कोठारांतून जागे करावयाचे म्हटलें आणि मधली तार १५० किलोमीटरांची धरली, तर जाऊन येण्यास दीड मिलिसेकंद नुसत्या प्रवासांतच जातो. स्विचांचा व कोठाराचा वेळ निराळाच. जवळच्या उत्तम डिस्कपासून याच्या अल्पांश वेळांत उत्तर मिळतें. बूट होतांना लहान लहान वाचनें हजारोंनीं होतात आणि पुष्कळदां एकाचें उत्तर आल्यावरच दुसरें सुरू होतें. म्हणून हा दीड मिलिसेकंद हजारों वेळां मोजावा लागतो. प्रत पुण्यास अवश्य ठेवावी. पण रोजची चूल जवळच असावी.

सहावी अपेक्षा रुंदीची. एरव्हीं बूट होण्याला फारशी रुंदी लागत नाहीं, कारण सर्व्हर महिनोन्‌महिने झोपतच नाहींत. कसोटी येते ती सर्व एकदम उठतात त्या रात्रीं. वर कल्पिलेल्या रुग्णालयाच्या शंभर सर्व्हरांनीं प्रत्येकीं एक गिगाबाइट वाचावयाचें ठरविलें तर शंभर गिगाबाइटांची मागणी एकाच वेळीं कोठारावर येते. कोठाराची वाट एक गिगाबिटाची असेल तर तिच्यांतून सेकंदाला फार झालें तर १२५ मेगाबाइट जातील. म्हणजे ८०० सेकंद, तेरा मिनिटांहून अधिक. वाट दहा गिगाबिटांची असेल तर हेंच काम ८० सेकंदांचें. हें कागदावरचें गणित झालें. प्रत्यक्ष गर्दींत याहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यांत कांहीं सर्व्हर धीर सोडून पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करतात व गर्दी आणखी वाढवितात. यास्तव रुंदी नेहमींच्या दिवसावरून न ठरवितां वाईटांतल्या वाईट रात्रीवरून ठरवावी. आणि सर्व्हर तुकड्या-तुकड्यांनीं उठवावेत, अत्यावश्यक आधीं व बाकीचे मागाहून.

सातवी अपेक्षा अशी कीं वाटेंत माल सांडूं नये. फायबर चॅनलची रचना या बाबतींत फार काटेकोर आहे. समोरच्यानें "माझ्यापाशीं इतकी जागा रिकामी आहे" असें कळविल्यावांचून पाठविणारा माल सोडीतच नाहीं. इथरनेटचा स्वभाव मोकळा. स्विचमध्यें जागा उरली नाहीं म्हणजे पॅकेट टाकून दिलें जातें. आयस्कझी टीसीपीवर चालत असल्यामुळें हरवलेलें पॅकेट पुन्हां येतें खरें, परंतु त्यासाठीं कधीं कधीं वाट पाहावी लागते. लिनक्समध्यें ही वाट पाहण्याची किमान मुदत साधारणतः २०० मिलिसेकंद असते. पत्र हरवलें तर दुसरें पाठवितां येतें, म्हणून चालून जातें; डिस्कची भाषा मात्र इतकी सहनशील नाहीं. यासाठीं साठ्याची वाहतूक इतर वाहतुकीपासून वेगळी ठेवतात. शक्य तर स्विचहि वेगळे, निदान व्हीलॅन तरी वेगळा.

याच संदर्भांत पॅकेटाच्या आकाराचा एक फसवा प्रकार सांगितला पाहिजे. इथरनेटचें नेहमींचें पॅकेट १५०० बाइटांचें. मोठा माल थोड्या खेपांत जावा म्हणून तें ९००० बाइटांचें करण्याची चाल आहे. परंतु सर्व्हर, प्रत्येक स्विच आणि कोठार या सर्वांनीं तो आकार मान्य केला पाहिजे. मधल्या एकाच स्विचवर जुना आकार राहिला तर मोठी चमत्कारिक अवस्था होते. लहान निरोप नीट जातात, ओळख पटते, सर्व ठीक आहे असें दिसतें, आणि पहिलें मोठें वाचन सुरू होतांच सर्व ठप्प होतें. दारांतून माणसें जात-येत असतात, पण खाट दाराला अडते, तसें हें आहे. ज्याला मार्गावरील प्रत्येक दार स्वतः मोजतां येत नसेल त्यानें १५०० वरच समाधान मानावें.

आठवी अपेक्षा दोन वाटांची. प्रत्येक सर्व्हरला दोन कार्डें, दोन स्विच, कोठाराचीं दोन द्वारें, अशा दोन स्वतंत्र वाटा असाव्यात. येथें स्वतंत्र हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन्ही स्विच विजेच्या एकाच पट्टीवर असले, अथवा दोन्ही तारा एकाच नळींतून गेल्या, तर त्या दोन वाटा केवळ चित्रांतल्या. फर्मवेअरलाहि दोन्ही पत्ते देऊन ठेवले पाहिजेत. नाहीं तर चालू सर्व्हर दुसऱ्या वाटेनें तगून राहतो, पण एकदां बंद झाला कीं पहिली वाट बिघडलेली असल्यामुळें पुन्हां उठत नाहीं, आणि ही गोष्ट नेमकी अडचणीच्या रात्रीं कळते.

नववी अपेक्षा जागृतीच्या संधिकालाची. फर्मवेअरनें हात धरून कार्यप्रणाली स्मृतींत आणली. आतां कार्यप्रणाली नेटवर्कचें कार्ड स्वतःच्या ताब्यांत घेते. त्या क्षणीं तिनें कार्ड बंद करून पुन्हां चालू केलें तर जिच्यावर ती स्वतः उभी आहे ती डिस्कच नाहींशी होते. ज्या फांदीवर बसावें तिच्यावरच कुऱ्हाड घालण्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तोच हा प्रकार. म्हणून कार्डाचा ड्रायव्हर पहिल्याच तुकड्यांत असावा लागतो, आणि फर्मवेअरनें कोणत्या पत्त्यानें कोठार जोडलें होतें ही माहिती स्मृतींतील एका कोष्टकांतून कार्यप्रणालीस मिळते. बंद होतांनाहि हाच विवेक हवा : आधीं साठा मिटवावा, नेटवर्क सर्वांत शेवटीं सोडावें. वाट क्षणभर तुटली तर किती वेळ थांबावयाचें, हेंहि ठरवावें लागतें. लिनक्सच्या आयस्कझीमध्यें हा धीर मूळचा १२० सेकंदांचा असतो. वाट एकच असेल तर तो पुष्कळ वाढवावा, कारण जाण्यास दुसरें ठिकाण नाहीं. दोन वाटा असतील तर तो कमी करावा, म्हणजे दुसरी वाट चटकन धरली जाईल. आणि डिस्क गेलेला सर्व्हर आपलें गाऱ्हाणें त्याच डिस्कवर लिहूं शकत नाहीं. म्हणून त्याची रोजनिशी दुसऱ्या यंत्राकडे पाठविण्याची व्यवस्था आधींच असावी.

शेवटची अपेक्षा सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी आहे. पत्ता देणारा डीएचसीपीचा सर्व्हर, नांवावरून पत्ता सांगणारा डीएनएसचा सर्व्हर, हे स्वतःच जर सामाईक कोठारांतून जागे होत असतील, आणि त्यासाठीं त्यांना स्वतःचीच मदत लागत असेल, तर वीज गेल्यावर कोणीच कोणाला उठवूं शकत नाहीं. किल्ली कपाटांत आणि कपाटाला कुलूप. ४ ऑक्टोबर १९२१ नव्हे, अगदीं अलीकडील २०२१ च्या त्या दिवशीं फेसबुकच्या सेवा सुमारें सहा तास बंद पडल्या. देखभालीच्या वेळच्या एका आज्ञेनें त्यांचें अंतर्गत मुख्य नेटवर्क तुटलें, त्याबरोबर नांवें सांगणारे सर्व्हर जगाला दिसेनासे झाले, आणि दुरुस्तीचीं हत्यारेंहि त्याच नेटवर्कवर विसंबून असल्यामुळें अभियंत्यांना दुरुस्तीस जाणें कठीण झालें. तेथें कारण बूट होण्याचें नव्हतें. पण धडा तोच आहे. जे दुसऱ्यांना उठवितात त्यांनीं स्वतःच्या पायांवर उठलें पाहिजे. म्हणून पत्ता देणाऱ्या सर्व्हरांना स्वतःची डिस्क असावी, आणि उठण्याचा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावलेला असावा : प्रथम स्विच, मग कोठार, मग पत्ते व नांवें देणारे, आणि मग बाकीचे. हा कागद संगणकांत ठेवून उपयोग नाहीं, हें सांगावयास नकोच.

या साऱ्या व्यवस्थेंत विश्वासाचाहि प्रश्न आहे. जागा होणारा सर्व्हर हांक मारतो आणि जो प्रथम उत्तर देईल त्याचें ऐकतो. एखाद्या दुष्टानें, किंवा नुसत्या अजाण माणसानें, त्याच नेटवर्कवर दुसरा उत्तर देणारा उभा केला तर सर्व्हर भलतीच प्रणाली उचलून कामाला लागेल. यासाठीं बूट होण्याचें नेटवर्क बंदिस्त ठेवावें, अनोळखी उत्तरें स्विचनेंच अडवावींत, आणि कोठाराशीं ओळख पटवितांना चॅपसारखी रीत वापरावी. तींत गुप्त शब्द तारेवरून न पाठवितां तो ठाऊक असल्याचा पुरावा तेवढा दिला जातो. मात्र चॅपनें ओळख पटते, माल झांकला जात नाहीं. म्हणूनहि रस्ता वेगळा असणें अगत्याचें आहे.

आतां पुन्हां त्या रुग्णालयाकडे वळूं. वीज परत आली आहे. स्विच उठले, कोठार उठलें, स्वतःच्या डिस्कवर उभे असलेले दोन सर्व्हर पत्ते वाटूं लागले. औषधें आणि अहवाल सांगणारे सर्व्हर पहिल्या तुकडींत आहेत. त्यांची हांक तात्काळ ऐकली गेली, त्यांचा कप्पा त्यांनाच मिळाला, आणि एक वाट बिघडलेली असूनहि दुसरीनें त्यांना पोंचविलें. पांच मिनिटांत पडद्यावर अक्षरें उमटलीं. डॉक्टरानें औषधाचें नांव वाचलें आणि तें न देण्याचें ठरविलें. या सर्व प्रकारांत कोणीं कांहीं मोठा पराक्रम केला असें रोग्याला कळणारहि नाहीं. परंतु कोणीं तरी पूर्वीं, दिवसाढवळ्या, एक तार मुद्दाम उपसून पाहिली होती. सर्व्हर बंद करून पुन्हां उठतो कीं नाहीं याची परीक्षा घेतली होती. आणि जी चूक निघाली ती त्याच दिवशीं सुधारली होती. परीक्षा ही वर्षाच्या शेवटींच घ्यावयाची वस्तु नव्हे. जेथें अनेकांचें अन्न एकाच कोठारांत आहे, तेथें वाट झाडून ठेवणें हें रोजचें काम आहे. आणि तें काम नीट झालें म्हणजे कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, हीच त्याच्या यशाची खूण होय.